लिफ्ट केलेली पिकअप, कंपनीची डिस्क आणि मोठे टायर: बसतं काय, घासतं कुठं

पिकअप दोन इंच वर उचलून झाली की मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता तेहतीस बसतील न्हवं?" म्हणजे तेहतीस इंच उंचीचे टायर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारा नाहीतर हायवेकडेच्या टायरच्या दुकानात, उत्तरही ठरलेलंच असतं. "बसतंय की भावा, काय हुतंय त्याला!" दुकानदार खोटं बोलत नसतो. टायर डिस्कवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या रिमवर, चढतो, सहा नट आवळले जातात, गाडी दुकानासमोर उभी राहते आणि टायर व फेंडर यांच्या मधे अख्खा पंजा जातो. फोटो तर नाद खुळा येतो. घासायला लागतं ते नंतर, गगनबावड्याच्या वाटेवर वळणातच खड्डा आला की.

आपल्याकडे हौसेनं वाढवल्या जाणाऱ्या पिकअप म्हणजे मुख्यतः इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स. पुढची आकडेमोड हायलक्सच्या १७ इंची टायरवर केली आहे, पण रीत कुठल्याही गाडीला तीच लागू होते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर तुमच्या गाडीचं माप आणि हवेचा आकडा सापडेल. तिथून सुरुवात करा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिफ्ट किटमुळे मोठ्या टायरला जागा होते, हा समज अर्धाच खरा आहे. टायर बसणार की नाही हे आधी डिस्क ठरवते: तिची रुंदी आणि तिचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा. आणि कंपनीची डिस्क ठेवून टायर मोठे करणं याकडे लोक कंजूषपणा म्हणून बघतात, ते मला पटत नाही. टायर एका पायरीनं वाढवायचा असेल तर बहुतेक वेळा कंपनीचीच डिस्क बरी पडते.

टायरवरचे आकडे

२६५/६५ आर१७ हे माप घ्या. २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत: २६५ चे ६५ टक्के, म्हणजे साधारण १७२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ म्हणजे डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्यानं ही पद्धत ठरवली त्याला कधीतरी भेटून जाब विचारायला पाहिजे.

टायरची पूर्ण उंची काढायची तर भिंत दोनदा धरायची, वरची आणि खालची. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात ३४४.५ मिळवले की ७७६ मिलिमीटर होतात. इंचात साडेतीस.

आता २६५/७० आर१७ बघा. रुंदी तीच, भिंत उंच. उंची ८०३ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा ३.४ टक्के जास्त. त्याच्या पुढचं लोकप्रिय माप २८५/७० आर१७. त्याची उंची ८३१ मिलिमीटर, ७ टक्के जास्त. इंचात हे ३२.७ भरतात आणि बोलीभाषेत त्यालाच "तेहतीस" म्हणतात. खरं ३३ इंची माप वेगळ्या पद्धतीनं लिहितात, ३३x१२.५० आर१७ असं. तो टायर साडेबारा इंच रुंद असतो. हे दोन तेहतीस एकच समजून ऑर्डर दिली की घोळ होतो, कारण दुसऱ्याला कंपनीची डिस्क चालतच नाही.

डिस्कची रुंदी

चाक एकदा खोलून उलटं ठेवा आणि आतल्या बाजूनं चिखल पुसा. स्पोकच्या पाठीमागे नाहीतर मधल्या भागात ओतीव अक्षरं दिसतील: १७ x ७½ जे, आणि जवळच ईटी ३० असं काहीतरी. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा डिस्कच्या रुंदीचा. जे हा डिस्कच्या कडेच्या आकाराचा प्रकार आहे, त्यात आपल्याला पडायचं नाही. ईटी म्हणजे ऑफसेट, त्याकडे नंतर येऊ.

प्रत्येक टायरला किती रुंदीची डिस्क चालते हे टायर कंपनी आपल्या तक्त्यात देते. २६५/७० आर१७ ला साधारण ७ ते ९ इंच. २८५/७० आर१७ ला साडेसात ते ९. म्हणजे आपली साडेसात इंची डिस्क २८५ ला चालते, पण अगदी खालच्या टोकाला. ३३x१२.५० ला कमीत कमी साडेआठ लागते, म्हणजे तो विषयच संपला. तक्त्यात न बसणारा टायर मशीनवर जबरदस्तीनं चढवता येतो. पण चढला म्हणजे बसला असं होत नाही.

अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि, कडा दाबून धरलेली गादी मधे फुगते तसा, टायर मधे गोल होतो. मग रस्त्याला नक्षीचा मधला पट्टाच टेकतो. मधली नक्षी आधी झिजते, वळणावर टायरची भिंत जास्त हलते, स्टेअरिंग सैल झाल्यासारखं वाटतं. खालच्या टोकाच्या डिस्कवर हा त्रास थोडा होतो, तक्त्याबाहेर गेलं की बराच. थोडासा फायदाही आहे: डिस्क अर्ध्या इंचानं अरुंद असली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरनं कमी भरते. तुमचा २८५ चा टायर साडेसात इंची डिस्कवर २८५ भरणारच नाही, २७५ च्या आसपास येईल, कारण त्याचं छापील माप साडेआठ इंची डिस्कवर मोजलेलं असतं. घासण्याच्या हिशेबात हे दहा मिलिमीटर सोन्यासारखे.

हवेचा दाब इथे कामाला येतो. मधेच झिजतोय की कडांना झिजतोय हे बघायची सोपी युक्ती म्हणजे खडू. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा आणि सपाट, कोरड्या रस्त्यावर थोडी गाडी चालवा. मधली रेघ पुसली आणि कडांची राहिली तर हवा जास्त आहे. कडा पुसल्या तर कमी. दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत रेघ सगळीकडे सारखी पुसेपर्यंत बघायचं. पण एक मर्यादा पाळायची. जाड भिंतीच्या, लाइट ट्रक म्हणजे एलटी प्रकारच्या टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. त्यामुळे एलटी टायर घालून दारावरच्या स्टिकरच्या आकड्याखाली जायचं नाही, आणि मागं माल किंवा ट्रॉली असेल तर वरच राहायचं.

जाता जाता लोड इंडेक्सही बघून घ्या. टायरवरच्या मापानंतर ११२, ११६, १२१ असे आकडे असतात. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. मूळ टायरचा आकडा असेल त्याच्या खाली उतरायचं नाही, एवढाच नियम. आणि जुना साठा गळ्यात पडू नये म्हणून भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

ऑफसेट: आत किती, बाहेर किती

डिस्कच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. डिस्क हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ती नटांनी आवळतात त्याला, जिथं चिकटते ती जागा त्या मध्यापासून किती बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. अधिक ३० म्हणजे चिकटण्याची जागा मध्यापेक्षा ३० मिलिमीटर बाहेर, म्हणजे चाकाचा मोठा हिस्सा गाडीच्या पोटात. आकडा शून्याकडे गेला की चाक बाहेर येतं. बाजारातल्या भरपूर बाहेर आलेल्या, रुबाबदार डिस्क शून्य किंवा उणे ऑफसेटच्या असतात.

कंपनीची डिस्क आणि बाहेरची डिस्क यांतला खरा सौदा इथं आहे, म्हणून जरा थांबू.

कंपनीच्या डिस्कवर टायर रुंद केला की तो दोन्ही बाजूंना सारखा वाढतो. २६५ वरून २८५ गेलात तर कागदावर १० मिलिमीटर आत आणि १० बाहेर. आत काय आहे? पुढच्या चाकाला वरचा आर्म (चाक गाडीशी जोडणारा लोखंडी हात) आणि स्टेअरिंग नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग), आणि स्टेअरिंगचा पूर्ण कट मारला की अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) किंवा चॅसिस. पुढच्या बाजूला दोन बोटं जागा असली तरी टायरच्या भिंतीची फुगीर जागा आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) यांच्या मधे मात्र बोटभर जागाही कधीकधी राहत नाही. चिखलाचा एक सुकलेला थर ती खाऊन टाकतो. टायर बदलण्याआधी इथं मोजा. मूळ टायर लावलेला असताना या जागेत किती बोटं जातात ते बघा आणि त्यातून दहा मिलिमीटर वजा करा.

आता समजा आतलं घासणं टाळायला तुम्ही शून्य ऑफसेटची डिस्क घेतली. टायर ३० मिलिमीटर बाहेर आला. आर्म सुटला. पण स्टेअरिंग वळवलं की चाक ज्या बिंदूभोवती फिरतं, त्यापासून टायर लांब गेला. त्याचा फिरण्याचा घेर वाढला आणि टायरची कड मागं मडफ्लॅपला, पुढं बंपरच्या कोपऱ्याला आणि वर फेंडरच्या ओठाला जाऊन भिडते. लोकांना वाटतं डिस्क बदलली की घासणं संपेल. ते फक्त जागा बदलतं. शिवाय खड्ड्यात एका बाजूचं चाक आपटलं की स्टेअरिंगला जास्त हिसका बसतो, आणि हबच्या बेअरिंगवर भार तिरका पडून ती लवकर आवाज करू लागतात. चिखल उडून दारं माखतात ते वेगळंच. कंपनीच्या डिस्कला यातलं काही होत नाही, कारण सस्पेन्शनची भूमिती त्याच ऑफसेटसाठी काढलेली असते.

मधला मार्ग म्हणून दुकानात स्पेसर दाखवतात, हब आणि डिस्कच्या मधे टाकायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या. स्पेसर म्हणजे ऑफसेट कमी करण्याचाच स्वस्त प्रकार, त्यामुळे वरचे सगळे तोटे त्यालाही आहेत आणि वर नट तपासत राहायची जबाबदारी वाढते. मी वापरणार नाही आणि सुचवणारही नाही.

मग लिफ्टचा उपयोग काय?

लिफ्ट केल्यावर गाडी उभी असताना टायर आणि फेंडरमधलं अंतर वाढतं. ते खरं आहे. पण चाक पूर्ण दाबलं गेल्यावर, म्हणजे खड्ड्यात किंवा बांधावर चढताना, ते वर कुठवर जातं? ते ठरवतो बंप स्टॉप, चॅसिसजवळचा रबराचा ठोकळा. साध्या लिफ्ट किटमध्ये त्याची जागा बदलत नाही. पुढच्या शॉकअबवर चकती टाकली, मागं पाट्यांखाली ठोकळा किंवा एक जादा पाटा टाकला, तरी चाक वर जाऊन थांबायची जागा जवळपास तीच. उभ्या गाडीला मिळालेली दोन इंचांची जागा पूर्ण दाबलेल्या चाकाला मिळतच नाही. त्यामुळे उभ्या गाडीत पंजा घालून बघणं याला फारसा अर्थ नाही.

पुढच्या चकतीत आणखी एक गंमत आहे. शॉकअब आर्मच्या मधोमध कुठेतरी लागलेला असतो, चाक आर्मच्या टोकाला. म्हणून वर एक इंचाची चकती टाकली की चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. "चकती तर एवढुशीच हाय" म्हणून दोन इंची चकती टाकणारे पुढचे आर्म इतके खाली झुकवतात की बॉल जॉइंट आणि एक्सलचे जॉइंट कायम तिरक्या कोनात राबतात. त्या कोनात जॉइंटवरची रबरी टोपणं, म्हणजे बूट, फाटतात, ग्रीस बाहेर येतं, आणि पावसाळ्यातल्या चिखलाला मग आयतं दार मिळतं.

तिसरी गोष्ट कॅस्टरची. समोरच्या चाकाचा वळण्याचा आस किंचित मागं कललेला असतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते त्या कलामुळं. लिफ्ट केली की हा कल कमी होतो. हायवेला गाडी तरंगल्यासारखी वाटते, सतत धरून ठेवावी लागते. म्हणून लिफ्टनंतर अलाइनमेंट करताना फक्त टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत तो आकडा) बघून समाधान मानू नका. मशीनच्या कागदावर कॅस्टरचा आकडा मागा. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टनं, म्हणजे फिरवला की आर्म सरकवणाऱ्या बोल्टनं, चाक थोडं पुढं सरकवून कॅस्टर वाढवता येतो, आणि मोठ्या टायरला त्याचा दुहेरी फायदा होतो. कारण मोठा टायर बहुतेक वेळा चाकाच्या खोबणीच्या मागच्या भिंतीला घासतो, आणि चाक जरा पुढं गेलं की ती जागा मोकळी होते. दोन इंचांच्या पुढं लिफ्ट असेल तर कॅम बोल्ट पुरत नाही, वरचा आर्मच वेगळा घ्यावा लागतो.

जमिनीपासूनची उंची म्हणाल तर तीत लिफ्टचा आणि टायरचा वाटा वेगळा आहे. मागचा एक्सल अखंड असतो आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरांच्या पेटीचा) फुगवटा गाडीचा सर्वात खालचा भाग. बॉडी कितीही उचला, तो फुगवटा तिथंच राहतो. त्याला वर उचलतो फक्त टायर, तोही वाढलेल्या उंचीच्या निम्म्यानंच. २८५/७० घेतलात तर २७ मिलिमीटर, २६५/७० घेतलात तर १३. उसाची ट्रॉली जाऊन जाऊन पडलेल्या चाकोरीत मधला उंचवटा कुठं टेकतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना २७ मिलिमीटरची किंमत कळेल. पण ती २७ च आहे, दोन इंच नव्हे.

घासतंय का ते कसं बघायचं

गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत शाडू सहज मिळतो, नाहीतर मुलांची खेळायची रंगीत माती चालते. लिंबाएवढ्या गोळ्या करून त्या संशयाच्या जागी चिकटवा: चाकाच्या खोबणीच्या मागच्या भिंतीवर, खोबणीतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, म्हणजे लायनरच्या, वरच्या कोपऱ्यात, मडफ्लॅपच्या मुळाशी, आणि आत वरच्या आर्मपाशी. लावायची जागा आधी धुऊन कोरडी करा, नाहीतर गोळी पहिल्याच हिसक्याला पडते. मग रिकाम्या शेतातल्या पक्क्या बांधावर पुढचं एक चाक हळूहळू चढवा, गाडी तिरकी होऊ द्या. वर चढलेलं चाक जवळपास पूर्ण दाबलं जातं. तिथंच स्टेअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण कट करा. बाजूला एकजण बघायला हवाच, आणि तो उताराच्या बाजूला उभा नको. खाली उतरून गोळ्या बघा. चपटी झालेली गोळी किती जाड उरलीय ते मोजलं की टायर तिथं किती मिलिमीटरवर आहे ते कळतं. उरलेली जाडी दहा मिलिमीटरच्या आत असेल तर तिथं उद्या चिखलानं घासणार असं धरा. हीच परीक्षा मूळ टायरवर आधी घेतली तर मोठा टायर घेण्याआधीच उत्तर मिळतं, फक्त वाढलेली त्रिज्या आणि रुंदी वजा करायची.

घासतंय असं दिसलं तर उपाय हलक्यापासून जडाकडे जातात. मडफ्लॅप कापणं किंवा मागं सरकवणं. प्लास्टिकचा लायनर हीट गननं गरम करून मागं दाबणं. त्याच्या मागची पत्र्याची उभी शिवण हातोडीनं आडवी करणं, आणि मग तिथं रंग आणि सीलर लावणं, कारण इथं उघडा पत्रा ठेवला की दोन पावसाळ्यांत तांबेरा. स्टेअरिंगच्या स्टॉपला वॉशर टाकून कट कमी करणं हाही एक उपाय, पण मग पेठेतल्या बोळात गाडी फिरवताना तीनदा मागं-पुढं घ्यायची तयारी ठेवा.

शेवटचा उपाय बॉडी माउंट कापून पुन्हा वेल्ड करण्याचा. केबिन चॅसिसला जिथं बसते तो ब्रॅकेट. २८५/७० ला काही गाड्यांत इथवर यावं लागतं. उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत यात शंका नाही, तिथं लोखंडाचं काय होत नाही! पण चॅसिसला वेल्डिंग मारणं हे ग्रिल वेल्ड करण्यासारखं काम नाही. गाडी वॉरंटीत असताना तर मी त्या वाटेला जाणारच नाही. टायर बसवायला चॅसिस कापावा लागत असेल तर टायर चुकलाय.

इंजिन, ब्रेक आणि मीटर

टायर ७ टक्के उंच झाला म्हणजे प्रत्येक गियर ७ टक्के उंच झाला. तिसऱ्यात जी गाडी आरामात घाट चढायची तिला आता दुसरा मागावासा वाटतो. हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनला हे फारसं जाणवत नाही, व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरला जाणवतं. उतारावर हेच उलट नडतं: इंजिन ब्रेकिंग तेवढं कमी मिळतं, ब्रेकला जास्त लांब दांड्याशी झगडावं लागतं, आणि एकेक एलटी टायर मूळ टायरपेक्षा सहज पाच-सात किलो जड असतो. करूळ घाटानं वैभववाडीकडं उतरताना मागं सामान असेल तर नेहमीपेक्षा एक गियर खाली ठेवून उतरायची सवय लावा. ब्रेक पॅड अर्धे संपलेले असताना मोठे टायर चढवू नका.

मीटरचं गणित गमतीचं आहे. टायर उंच झाला की तो एका फेऱ्यात जास्त अंतर जातो, पण गाडी फेरेच मोजते. २८५/७० वर मीटर १०० दाखवत असताना हिशेबानं १०७ होतात. कंपन्यांचे स्पीडोमीटर मुळात थोडं वाढवूनच दाखवतात, म्हणून खरा वेग १०० ते १०५ च्या मधे कुठेतरी निघतो. पुणे-बेंगळुरू हायवेवर चलन येण्याआधी मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा.

अ‍ॅव्हरेजची रड मात्र निम्मी खोटी असते. ओडोमीटर १०० किलोमीटर दाखवतो आणि नऊ लिटर डिझेल जातं, म्हणून लोक ११.१ चा अ‍ॅव्हरेज सांगतात. प्रत्यक्षात गाडी १०७ किलोमीटर गेलेली असते, म्हणजे ११.९. जड टायर आणि जाड नक्षी यांनी डिझेल जास्त जातं हे खरं, पण आधी आकडा १.०७ नं गुणा आणि मग कपाळाला हात लावा.

नक्षी की माप?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. शिरोळ पट्ट्यातल्या काळ्या रानात पावसात टायर अडकतो तो उंची कमी पडून क्वचितच. चिकट मातीनं नक्षी भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथं मोकळ्या, खोल नक्षीचा मूळ मापाचा टायर हा बारीक नक्षीच्या मोठ्या टायरपेक्षा पुढं जाईल. राधानगरी, दाजीपूरकडच्या तांबड्या, दगडी वाटांवर भिंतीची मजबुती महत्त्वाची. आणि पावसात हायवेला रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे तर रुंदीच्या हौशेला सरळ विरोधी जातं. मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे, टायर ओल्या डांबरावर ब्रेकला लांब जातात आणि ऐंशीच्या वर गुणगुणतात. महिन्यातून एकदा चिखलात जाणाऱ्यानं ते घेऊ नयेत.

बहुतेकांना मी हेच सांगेन: लिफ्ट दोन इंचांच्या आत, डिस्क कंपनीची, टायर २६५/७० आर१७ ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीसाठीचा. तो बहुधा किरकोळ मडफ्लॅप सरकवून बसतो, मीटर जवळपास खरं होतं, आणि गाडी गाडीसारखी चालते.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. कंपनीनं तुमच्या मॉडेलच्या कुठल्या ना कुठल्या व्हेरियंटला दिलेलं माप ही सुरक्षित जागा. त्यापुढचं माप आणि लिफ्ट करायची तर विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर सर्वेअर पहिला फोटो टायरचाच काढतो.

स्टेपनी आणि पहिले शंभर किलोमीटर

पिकअपची स्टेपनी मागच्या हौद्याखाली टांगलेली असते. २८५/७० तिथं बहुधा मावत नाही, म्हणून लोक चार टायर मोठे घेतात आणि पाचवा जुनाच ठेवतात. पंक्चर झालं की मग प्रश्न येतो. मागच्या एक्सलवर एक टायर ७७६ चा आणि दुसरा ८३१ चा असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे गियर सतत फिरत राहतात आणि तापतात. म्हणून मागचा टायर पंक्चर झाला तर पुढचा एक काढून मागं लावा आणि छोटी स्टेपनी पुढं लावा. टू व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नसतो, तिथं ती गावापर्यंत चालून जाते. त्या अवस्थेत फोर बाय फोर लावायचं नाही, चिखल लागला तरी. पाचही टायर एकाच मापाचे घेऊन एक हौद्यात बांधणं हा सरळ उपाय, पण हौद्यातली जागा जाते.

टायर चढवताना डिस्कची कड, जिथं टायरची तार बसते, ती ब्रशनं घासून घ्यायला सांगा. तिथं वाळलेली माती राहिली तर आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा उतरत राहते आणि पंक्चरवाल्याला काही सापडत नाही. नट न्यूमॅटिक गननं शेवटपर्यंत आवळू देऊ नका. हातानं, तिरप्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सहाही नट पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी टॉर्च घेऊन लायनरच्या आत बघा. प्लास्टिकवर काळी, चकचकीत घासलेली रेघ दिसली तर ती कुठल्या उंचीवर आहे ते खडूनं खुणा करून अलाइनमेंटवाल्याला दाखवा. कॅम बोल्टला अजून जागा शिल्लक असेल तर पत्र्याला हातोडी लावायच्या आधी तो चाक पुढं सरकवून देईल.